सोंग पडद्यावर शोभते, दाखल्यावर नाही

'दो और दो पाँच' (१९८०) मध्ये अमिताभ आणि शशी कपूर हे एकमेकांवर कुरघोडी करणारे दोन भामटे. श्रीमंताच्या पोराला पळवायला मास्तरांचे सोंग घेऊन शाळेत शिरतात, पुढे त्याच पोरावर जीव जडतो आणि प्रेक्षक त्यांना हसत माफ करतो.

मित्रांनो, खोट्या जातदाखल्यावर राखीव जागा बळकावणारेही वर्षानुवर्षांची सेवा पुढे करून हीच माफी मागतात. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. तरी २०१९ मध्ये महाराष्ट्र सरकारने अशांना अधिसंख्य पदांवर सामावून घेतले. ज्या खऱ्या उमेदवाराची जागा गेली, त्याला कोण सामावून घेणार? त्या जागा भरल्या का, हे माहिती अधिकारात विचारा.

जय भीम!