संपादकाचे सरकार आणि जुन्यांची दफ्तरे

एप्रिल 1989 मध्ये कर्नाटकातील बोम्मई सरकार बरखास्त झाले, राष्ट्रपती राजवट आली आणि नोव्हेंबरअखेर वीरेंद्र पाटील मुख्यमंत्री झाले. त्या काळात बेंगळुरूत मी कनिष्ठ अधिकारी होतो. विधानसौधातील दालनांवरच्या पाट्या बदलल्या. फाइली आणि त्या हाताळणारे आम्ही मात्र जागच्या जागी राहिलो. त्याच वर्षी पोलंडमध्ये जे घडले, त्याकडे म्हणूनच मी काहीशा कारकुनी नजरेने पाहत आलो आहे.

तादेउश माझोव्हिएत्स्की मूळचे पत्रकार. 1958 मध्ये त्यांनी एक कॅथलिक मासिक काढले; 1981 मध्ये ते ‘सॉलिडॅरिटी’ या कामगार संघटनेच्या साप्ताहिकाचे संपादक झाले आणि डिसेंबरात लष्करी कायदा लागू होताच स्थानबद्ध झाले. जून 1989 च्या निवडणुकीत सॉलिडॅरिटीने सिनेटच्या 100 पैकी 99 जागा जिंकल्या. माझोव्हिएत्स्की स्वतः उभे नव्हते. तरी 24 ऑगस्टला पंतप्रधानपद त्यांच्याकडे आले. राष्ट्राध्यक्षपदी जनरल यारुझेल्स्की होते, गृह आणि संरक्षण खातीही कम्युनिस्टांकडेच राहिली.

भूतकाळ आणि आपण यांच्यात जाड रेघ ओढतो, आपल्या सरकारने केलेल्या कामापुरतेच आपण उत्तरदायी राहू, असे त्यांनी त्याच दिवशी संसदेत सांगितले. पुढे टीकाकारांनी या रेघेचा अर्थ सरसकट माफी असा लावला. तो मला अन्यायकारक वाटतो. 1 जानेवारी 1990 पासून अर्थमंत्री बाल्त्सेरोविच यांनी बाजारपेठ खुली करण्याचा कठोर कार्यक्रम राबवायला घेतला. कोषागारातील, जकातीतील, रेल्वेतील जुनी माणसे घरी पाठवून तो कोणाच्या हातून राबवायचा होता? सूडाच्या मोहात न पडणे ही दुर्बलता नव्हे. (लेखणीवर उपजीविका करणाऱ्याला हा मोह अधिकच होतो.)

चूक झाली ती दफ्तरांबाबत. माणसे ठेवता येतात, पण पदभार घेताना दप्तराची यादी तपासूनच सही करायची असते, हे तहसील कचेरीतला अव्वल कारकूनही जाणतो. गृहमंत्री किश्चाक जुलै 1990 पर्यंत पदावर होते आणि मधल्या महिन्यांत गुप्त पोलिसांची कागदपत्रे मोठ्या प्रमाणावर नष्ट झाली. सोव्हिएत फौजा देशात असताना ऑगस्टमध्ये पंतप्रधानांचे हात बांधलेले होते, हे मान्य. नोव्हेंबरात बर्लिनची भिंत कोसळल्यानंतर मात्र ही सबब टिकत नाही.

1990 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत माझोव्हिएत्स्की तिसरे आले; वावेन्सा यांच्याच नव्हे, तर परदेशातून परतलेल्या एका अपरिचित उद्योजकाच्याही मागे. 2013 मध्ये त्यांचे निधन झाले. फेब्रुवारी 2016 मध्ये, किश्चाक यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, त्यांच्या पत्नीने काही कागद सरकारी अभिलेख संस्थेला विकत देऊ केले. संस्थेने घराची झडती घेतली, तेव्हा गुप्त पोलिसांचे गठ्ठे सापडले. त्यांत वावेन्सा यांच्यासंबंधीची फाइलही होती.