मुलांची छाती मोजायची, मुलींची झाकायची

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा, तुझी छाती किती? तो लगेच सांगेल. न फुगवता ७९ सेंटिमीटर, फुगवल्यावर किमान ५ सेंटिमीटर जास्त. नियम त्याला पाठ असतो, स्वतःचं मापही पाठ असतं. टेप घेऊन मित्र मित्राची छाती मोजतो, कमी भरली तर हसतो, दंड-बैठका वाढवायला सांगतो. यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

त्याच मैदानावर पळणाऱ्या मुलीला तिचं माप माहीत नसतं. आईनं कधी घेतलेलं नसतं, दुकानदारानं घेतलेलं नसतं, शाळेत कुणी सांगितलेलं नसतं. महिला उमेदवाराची छाती भरतीत मोजत नाहीत, ते बरोबरच आहे. पण मैदानात तिला पळवतात. शारीरिक चाचणी ५० गुणांची. ८०० मीटर धावणं २० गुण, १०० मीटर १५, गोळाफेक १५. म्हणजे ५० पैकी ३५ गुण निव्वळ पळण्याचे. आणि पळताना शरीराचा जो भाग सगळ्यात जास्त हलतो, त्याबद्दल आपल्याकडे एक अक्षर बोलायची सोय नाही.

मी बुलडाणा जिल्ह्यातली. पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करते. सुट्टीला घरी गेले की पहाटे पळायला रस्त्यावर जाते, तेव्हा या मुली भेटतात. चिखलीकडे, मेहकरकडे, देऊळगाव राजाकडे जाणाऱ्या कुठल्याही रस्त्यावर पहाटे पाचला बघा, घोळक्यानं पळत असतात. पायात बूट बऱ्यापैकी असतात, कारण बुटाचं अकादमीतले सर सांगतात. टी-शर्टच्या आत काय असतं ते सर सांगत नाहीत. मग कुणी दोन ब्रा एकावर एक घालतं, कुणी ओढणी आवळून बांधतं, कुणी भावाची जुनी घट्ट बनियन चढवतं. आणि बऱ्याच जणी कोपर छातीशी चिकटवून पळतात. हात मागंपुढं मोकळे हलले तर वेग मिळतो, हे त्यांना माहीत आहे. पण हात मोकळे सोडले तर छाती हलते, दुखते आणि चहाच्या टपरीवरचे बघतात. म्हणून त्या हात बांधून पळतात.

याला तुम्ही लाज म्हणा, संस्कार म्हणा. मी याला गुण कापणं म्हणते.

आधी शरीराचं साधं गणित समजून घेऊ. स्तनात स्नायू नसतो. चरबी, दूधग्रंथी आणि त्यांना धरून ठेवणारे नाजूक तंतू असतात. ॲस्टली कूपर या इंग्रज शल्यविशारदानं एकोणिसाव्या शतकात त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना कूपरचे लिगामेंट म्हणतात. व्यायामानं दंड घट्ट होतो तसा स्तन घट्ट होत नाही, कारण घट्ट व्हायला तिथं स्नायूच नाही. पळताना तो वर-खाली तर हलतोच, शिवाय डावी-उजवीकडं आणि पुढं-मागंही हलतो. सगळं मिळून आडव्या पडलेल्या आठच्या आकड्यासारखी हालचाल होते. ८०० मीटरमध्ये शेकडो पावलं पडतात आणि प्रत्येक पावलाला हा झटका बसतो.

इंग्लंडच्या पोर्ट्‌समथ विद्यापीठात स्तनांच्या आरोग्यावर काम करणारा एक संशोधन गटच आहे. २०१२ च्या लंडन मॅरेथॉनमधल्या १,२८५ धावपटू बायकांना त्यांनी विचारलं, तेव्हा जवळपास एक तृतीयांश जणींनी स्तन दुखत असल्याचं सांगितलं. २०१६ मध्ये ११ ते १८ वयाच्या सुमारे दोन हजार शाळकरी मुलींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या ४६ टक्के मुलींनी सांगितलं की स्तनांमुळं त्यांच्या खेळावर, व्यायामावर परिणाम होतो. हे इंग्लंडचं, जिथं दुकानात माप घेऊन ब्रा मिळते. आपल्याकडं सातवी-आठवीत मुली मैदानावरून एकेक करून गायब होतात, त्याचं कारण आपण 'पोरगी मोठी झाली' एवढंच सांगतो आणि मोकळे होतो.

आता दुकानाचं बघू. तालुक्याच्या गावात ब्रा मिळते ती बांगड्या-टिकल्यांच्या दुकानात, मॅचिंग सेंटरमध्ये, नाहीतर आठवडी बाजारातल्या ढिगात. आमच्याकडं बायका तिला 'बॉडी' म्हणतात. दुकानात जाऊन हळूच म्हणायचं, ''भाऊ, बॉडी दाखवा.'' भाऊ एक नजर टाकतो आणि म्हणतो, ''चौतीस.'' खोका काढतो, रंग विचारतो, वर्तमानपत्रात गुंडाळतो, ते काळ्या पिशवीत टाकतो. घालून बघायची सोय नाही, परत घ्यायची तर नाहीच. अकरावीत असताना मला एका दुकानदारानं असाच एक आकडा बहाल केला होता. विचारलं, कशावरून? तर म्हणाला, ''ताई, वीस वर्षं हेच करतोय.''

मी इंजिनिअर आहे, तर माझ्या भाषेत सांगते. ब्राच्या साइजला दोन इनपुट लागतात. एक बँड, म्हणजे छातीखालच्या बरगड्यांचा घेर. दुसरा कप, म्हणजे स्तनांवरचा घेर आणि बरगड्यांचा घेर यांतला फरक. आपलं दुकान एकच आकडा घेतं आणि दुसरा स्वतःच 'बी' धरून टाकतं. तोही पहिला आकडा नजरेनं घेतलेला. असा कोड मी ऑफिसात लिहिला तर संध्याकाळपर्यंत परत येईल. इथं मात्र पिढ्यान्‌पिढ्या तोच चाललाय आणि चूक कुणाची? तर बाईच्या शरीराची. 'माझंच अंग बेढब आहे, मला कुठलीच बॉडी नीट बसत नाही,' असं म्हणणाऱ्या किती तरी बायका मी ऐकल्यात. बाई, अंग ठीक आहे. आकडा चुकीचा आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं, ''आमच्या टायमाले कुठं होतं हे? आमी का वावरात राबलो नाही? चोळीवर निंदलं, चोळीवर कापूस येचला.'' हे उत्तर मला फार आवडतं, कारण ते माझ्याच बाजूचं आहे. आजीची चोळी शिंप्यानं तिच्या मापानं शिवलेली असायची. प्रत्येक बाईची वेगळी. छातीखाली घट्ट बसायची आणि पुढं गाठ मारायची, म्हणजे बाळंतपणात अंग भरलं, दुष्काळात उतरलं, तरी गाठ सैल-घट्ट करून ती बसवता यायची. आधार खालच्या पट्टीचा, खांद्याचा नव्हे. चांगल्या ब्राचं तत्त्व नेमकं हेच आहे. आपण चोळी सोडून तयार मालाकडं आलो तेव्हा कापड बदललं ते ठीक, पण माप घ्यायची रीतही टाकून दिली. परंपरेचा एवढा अभिमान असेल तर ती रीत परत आणा.

दुसरं उत्तर शहरातून येतं. ब्रा हेच बंधन आहे, घालायचीच कशाला? ज्या बाईला घालायची नाही तिनं बिलकूल घालू नये. ब्रा घातली नाही म्हणून काही आजार होत नाही. आणि घातली म्हणून कर्करोग होतो, ही व्हॉट्सॲपवरची गोष्टही खोटी आहे. २०१४ मध्ये सिएटलच्या फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्राच्या अभ्यासात तसा काही संबंध आढळला नाही. पण जिला ८०० मीटर पळायचंय, जिला दिवसभर वाकून कापूस वेचायचाय, तिला 'मुक्त हो' सांगणं म्हणजे अनवाणी माणसाला चपलेच्या गुलामीवर व्याख्यान देणं आहे. नाकारायलाही आधी ती वस्तू नीट मिळालेली असावी लागते.

आणि ज्यांना वाटतं की हे सगळं चारचौघांत बोलायचं नसतं, त्यांनी एकदा तालमीत जाऊन यावं. तिथं दोरीवर पैलवानांचे लंगोट वाळत असतात, भर रस्त्यावरून दिसतात. तो आधाराचा कपडा आहे, कसरतीला लागतो, त्यात लाज कसली? बरोबर. गंमत अशी की जगातली पहिली स्पोर्ट्‌स ब्राही तिथूनच आली. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा श्रायबर या तिघींनी पुरुष खेळाडूंचे लंगोटासारखे दोन जॉकस्ट्रॅप एकमेकांना शिवून पहिला नमुना केला. पुरुषाच्या आधाराचा कपडा उन्हात वाळतो आणि बाईचा परकराखाली, टॉवेलखाली, दमट अंधारात. मग ओल राहते, खाज येते, नायटा होतो, आणि त्याचं मलम आणायला पुन्हा मेडिकलात कुजबुजायचं. ब्रा कडक उन्हात वाळवली तर इलॅस्टिक लवकर मरतं, हे खरं. पण सावलीत, वाऱ्यावर, उघड्यावर वाळवा. लपवून नको.

आता कामाचं. शिंपीकाम करणाऱ्या कुणाकडूनही टेप आणा. श्वास सोडा आणि स्तनांच्या बरोबर खाली टेप घट्ट, आडवा, पाठीवर न घसरता धरा. हा इंचातला आकडा तुमचा बँड. विषम आला तर मागचा-पुढचा सम आकडा घालून बघा. मग स्तनांच्या सगळ्यात भरलेल्या भागावरून टेप सैलसर फिरवा. दोन्हींतला फरक एक इंच असेल तर ए, दोन असेल तर बी, तीन सी, चार डी. कंपन्यांप्रमाणं थोडं इकडंतिकडं होतं, पण सुरुवात इथून. डी म्हणजे फार मोठं, ए म्हणजे काहीच नाही, हा समज सोडा. अक्षर एकटं काही सांगत नाही. ३४-बी, ३२-सी आणि ३६-ए यांच्या कपात जवळपास सारखंच मावतं.

घातल्यावर तपासा. नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या, सैल हुकावर नीट बसली पाहिजे. इलॅस्टिक पुढं सैल पडतं, तेव्हा आतले हुक कामाला येतात. पट्टीखाली दोन बोटं जावीत, मूठ जाऊ नये. हात वर करा. पाठीमागची पट्टी वर सरकली तर बँड मोठा आहे. खांद्यावर लाल वळ उठत असतील तर पट्टे घट्ट करत बसू नका. खालचा बँड सैल असल्यामुळं सगळा भार खांद्यावर आलाय.

पळण्यासाठी वेगळी ब्रा लागते. छाती लहान असेल तर दाबून धरणारी साधी स्पोर्ट्‌स ब्रा चालते. भरलेली असेल तर दोन्ही स्तनांना वेगवेगळे कप, रुंद पट्टे आणि रुंद बँड असलेली घ्या. जागेवर दहा उड्या मारा आणि खोल श्वास घ्या. हलणं कमी झालं आणि श्वास पूर्ण घेता आला, तर ती तुमची. दोन ब्रा एकावर एक घातल्या की बरगड्या आवळल्या जातात आणि शेवटच्या दोनशे मीटरला, जिथं श्वास सगळ्यात जास्त लागतो, तिथंच तो कमी पडतो. रोजच्या वापरात मात्र एवढं आवळायची गरज नाही. मलकापूर-शेगावच्या उन्हाळ्यात साधी, मापाची, सुती ब्रा घाला आणि रात्री काढून ठेवा.

तरी हा प्रश्न एकेकीनं टेप आणून सुटणारा नाही, आणि मी तो मुलींच्या गळ्यात टाकणारही नाही. माझ्या मागण्या साध्या आहेत. भरतीची फी घेणाऱ्या प्रत्येक अकादमीनं बुटांच्या यादीत स्पोर्ट्‌स ब्रा लिहावी, छापील अक्षरांत, आणि मुलींशी बोलायला एक बाई ठेवावी. शाळेत पाळीबद्दल सांगायला ताई येतात तेव्हा त्यांच्या पिशवीत एक टेपही असावी. दुकानदारानं काउंटरमागं पडदा लावून चार फूट जागा काढावी आणि माप घ्यायला घरातल्या बाईला बसवावं. त्याचा धंदाच वाढेल. ऑनलाइन विकणाऱ्यांनी 'आतले कपडे परत घेत नाही' म्हणण्याआधी मापाची माहिती मराठीत द्यावी.

याच बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं. बाईला एक न्याय आणि पुरुषाला दुसरा, हे त्यांनी एकेक उदाहरण घेऊन दाखवलं. आजही तुलना करायची तर फार लांब जायला नको. भरतीच्या मैदानावर जा. मुलाची छाती सरकार टेप लावून मोजतं. मुलीच्या छातीला टेप लावायची हिंमत तिच्या घरातही नाही. सिंदखेडराजात दर १२ जानेवारीला जिजाऊंचं नाव घेऊन मुलींना 'धाडसी व्हा' सांगणाऱ्यांनो, मुली धाडसी आहेतच. पहाटे पाचच्या अंधारात त्या रस्त्यावर पळतायत. त्यांना आता मापाचा कपडा द्या, म्हणजे हात मोकळे सोडून पळता येईल.