पत्रा बदलावा की जपावा?

वाकडला आमच्या घरामागे ताडपत्रीखाली गेली अठरा वर्षे एक मोटार उभी होती. १९७५ सालची प्रीमियर पद्मिनी. आजोबा पिंपरीच्या एका कारखान्यात नोकरीला असताना त्यांनी ती जुनी म्हणून विकत घेतली आणि हात चालत होते तोवर चालवली. आजोबा गेले, मोटार राहिली. गेल्या उन्हाळ्यात वडिलांनी ती दुरुस्तीला काढली आणि घरात वादाला तोंड फुटले. सडलेला पत्रा कापून दुसरा बसवावा, की जुनाच ठोकून-सांधून ठेवावा? कला शाखेच्या मुलीने यात का पडावे, असे कोणी विचारील. पण हा प्रश्न गॅरेजइतकाच आमच्या इतिहासाच्या तासाचाही आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

ही गाडी मूळची इटलीतल्या ट्यूरिनच्या फियाट कंपनीची. आपल्याकडे मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून ती १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून बाहेर पडू लागली आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ झाली. सुमारे २००० साली तिचे उत्पादन थांबले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून जी शेवटची पद्मिनी २००३ साली नोंदली गेली, तिची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. सांगायचा मुद्दा हा, की या गाडीचा पत्रा कारखान्यातून ताजा येण्याचे दिवस गेले. आता भंगारात निघालेल्या दुसऱ्या पद्मिनीचा तुकडा शोधायचा, नाहीतर सपाट पत्र्यावर हातोड्याने आकार काढायचा.

वडिलांचे म्हणणे साधे होते. चारही दरवाजे, मडगार्ड, बॉनेट, जे मिळेल ते चांगले आणून बसवावे आणि गाडी शोरूममधून आल्यासारखी करावी. आजीला हे मुळीच पसंत नव्हते. डाव्या मडगार्डावर एक पोचा आहे. वडील गाडी शिकत असताना त्यांनी ती फाटकावर घातली, तेव्हाचा तो. आजोबांनी तो कधी काढू दिला नाही. “सगळाच पत्रा बदललास तर ती ह्यांची गाडी कशी राहील रे?” असे आजीने विचारले, तेव्हा वडिलांना उत्तर सुचले नाही. खरे सांगायचे तर मलाही सुचले नाही. मी मनाने आजीच्या बाजूची होते.

मिस्त्रीकाका आले आणि माझे मत निम्मे बदलले. त्यांनी पेचकसाची मूठ गाडीवर ठिकठिकाणी वाजवून पाहिली. मडगार्डावर ठणठणीत आवाज आला. दरवाजाखालच्या पट्टीवर, म्हणजे गाडीच्या उंबऱ्यावर, मात्र आवाज बद्द. लोहचुंबक लावले, ते चिकटेना. पेचकसाचे टोक टेकवताच ते आत गेले. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका गॅरेजवाल्याने गंज न कापता त्यावर बोटभर पुट्टी थापली होती आणि वरून झकास रंग दिला होता. आम्ही इतकी वर्षे त्या रंगालाच गाडी समजत होतो. काका म्हणाले, “ताई, रंग पत्र्यावर टिकतो, गंजावर नाही.”

पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. खालचा पत्रा, उंबरे, खांब आणि छत मिळून एकच पेटी होते आणि ती पेटीच सगळा भार वाहते. उंबऱ्याच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी भोके असतात. ती चिखलाने बुजली की पाणी आत साचते आणि पत्रा आतून सडत बाहेर येतो. बाहेर रंगाचा फोड दिसतो, तोवर आतला पत्रा बहुधा गेलेला असतो. असा उंबरा ‘आजोबांचा’ म्हणून जपणे म्हणजे आत बसणाऱ्या माणसांच्या जिवाशी खेळणे. तो कापलाच पाहिजे. तोही कसा? आधी गाडीला खालून सारखे टेके द्यायचे, दरवाजाच्या फटी मोजून लिहून ठेवायच्या, मोकळ्या चौकटीत लोखंडी दांडे आडवे जोडायचे आणि मगच एका वेळी एकच बाजू कापायची. नाहीतर पेटी मध्येच बसते आणि दरवाजे पुन्हा कधी नीट लागत नाहीत. जोड देतानाही एकदम लांब वेल्डिंग करायचे नाही. थोडे इथे, थोडे तिथे, असे टाके घालत जायचे, म्हणजे उष्णतेने पत्रा वाकत नाही. हे काम पाहताना मला गोधडी शिवणाऱ्या बायकांची आठवण झाली.

आता माझे मत. जो पत्रा भार वाहतो आणि सडला आहे, तो हळहळ न करता बदलावा. जो धड आहे, तो केवळ जुना किंवा पोचलेला दिसतो म्हणून फेकू नये. आणि जे बदलले, ते लपवू नये. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने ट्यूरिनच्याच नावाने २०१२ साली एक सनद केली. बदललेले भाग ओळखता यावेत, त्यांची नोंद राहावी, असा तिचा आग्रह आहे. आपल्या केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांवरील वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. त्यांतही वाहन मूळ स्वरूपात असावे, चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार नसावा, अशी अट आहे. माझ्या समजुतीप्रमाणे तोच आकार, तीच जाडी आणि तोच जोड ठेवून सडलेला तुकडा बदलणे हा फेरफार नव्हे, तो जीर्णोद्धार आहे. पुट्टीखाली गंज ठेवणे हीच खरी फसवणूक.

आमच्या भागात हे विसरणे फार सोपे झाले आहे. वाकडची शेते जाऊन टॉवर उभे राहिले, जुनी घरे एका रात्रीत पाडली गेली. धड काय होते आणि सडलेले काय होते, हे वाजवून पाहायला कोणी थांबले नाही. पिंपरी-चिंचवडच्या किती तरी घरांत पत्रा ठोकणारे हात आहेत. आपल्या महाविद्यालयातल्या कित्येकांचे वडील, काका हेच काम करतात. त्यांना एकदा विचारा, काय ठेवायचे आणि काय कापायचे हे ते कसे ठरवतात. ते ज्ञान कोणत्याही पाठ्यपुस्तकात मला सापडले नाही.

आमच्या गाडीचे दोन्ही उंबरे आणि चालकाच्या पायाखालचा पत्रा बदलला. दरवाजे, बॉनेट आणि पोचा आलेले मडगार्ड जुनेच आहे. काय काय बदलले, ते तारखेसह एका वहीत मी लिहून ठेवले आहे. रंग अजून व्हायचा आहे. परवा आजी शेजारच्या सीटवर जाऊन बसली आणि तिने दरवाजा ओढला. तो एका झटक्यात लागला.

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला