दोन सरकारांच्या मध्ये उभी असलेली विद्यापीठे

20 एप्रिल 2009 रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेल्या पीएसएलव्ही-सी12 या यानातून अवघ्या 40 किलो वजनाचा एक उपग्रह अवकाशात गेला. त्याचे नाव अनुसॅट. इस्रोच्या मार्गदर्शनाखाली तो चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात घडला होता, आणि भारतीय विद्यापीठाने तयार केलेला तो पहिलाच उपग्रह होता. हे विद्यापीठ केंद्र सरकारचे नाही; तामिळनाडू शासनाच्या कायद्याने 1978 साली स्थापन झालेले ते राज्य विद्यापीठ आहे. अनुसॅटनंतर अकरा वर्षांनी हेच विद्यापीठ देशभर गाजले, पण ते कुलगुरूंच्या एका पत्रामुळे.

त्या पत्रामागची योजना आज अनेकांच्या विस्मरणात गेली असेल. 'इन्स्टिट्यूशन ऑफ एमिनन्स' या नावाने 2017 मध्ये आलेल्या या योजनेत निवडक सरकारी संस्थांना पाच वर्षांत 1,000 कोटी रुपयांपर्यंत निधी मिळणार होता. अभ्यासक्रम, परदेशी प्राध्यापक आणि परदेशी विद्यापीठांशी करार यांबाबत मोकळीकही मिळणार होती. 2018 मध्ये पहिली यादी जाहीर झाली तेव्हा सारी चर्चा अद्याप अस्तित्वातच न आलेल्या जिओ इन्स्टिट्यूटभोवती फिरत राहिली. त्या गदारोळात योजनेतील अधिक गंभीर दोषाकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. ऑगस्ट 2019 मध्ये अण्णा आणि जादवपूर या दोन राज्य विद्यापीठांची नावे पुढे आली, ती एका अटीसह: राज्य शासनाने आपल्या वाट्याच्या निधीची लेखी हमी द्यावी. केंद्रीय संस्थांना अशा दुसऱ्या दाराशी जावे लागत नव्हते.

तामिळनाडूत हा प्रश्न मंत्र्यांच्या समितीकडे गेला आणि निर्णय लांबत राहिला. तेव्हाचे कुलगुरू एम. के. सुरप्पा हे भारतीय विज्ञान संस्थेतून आलेले धातुशास्त्रज्ञ होते. त्यांची नेमणूक राज्यपाल या नात्याने कुलपती असलेल्या बनवारीलाल पुरोहित यांनी केली होती. (पुरोहित नागपूरचे; मराठी वाचकांना ते परके नाहीत.) जून 2020 मध्ये सुरप्पा यांनी थेट केंद्राला कळवले की, पाच वर्षांत सुमारे 1,570 कोटी रुपये विद्यापीठ स्वतःच उभे करू शकेल. ऑक्टोबरमध्ये हे उघड होताच वाद पेटला. विद्यापीठाची फी वाढेल, 69 टक्के आरक्षणाला धक्का लागेल आणि राज्यातील विद्यार्थ्यांच्या जागा कमी होतील, असे सांगून उच्च शिक्षणमंत्र्यांनी हा दर्जाच नको असल्याचे जाहीर केले.

येथे केवळ राज्य शासनाला दोष देणे सोपे, पण अपुरे ठरेल. फी न वाढवता एवढी रक्कम कुठून येणार, हा प्रश्न रास्त होता. ज्या राज्याने शिक्षणातील सामाजिक न्यायासाठी घटनादुरुस्तीपर्यंत मजल मारली, त्याला धास्ती वाटणेही स्वाभाविक होते. मात्र त्यावरचा उपाय हमी मागून घेण्याचा होता, दार बंद करण्याचा नव्हे. आणि ज्या कायद्याने विद्यापीठ चालते तो करणाऱ्या शासनाला वगळून परस्पर केंद्राशी व्यवहार करणे ही कुलगुरूंची चूकच म्हणावी लागेल.

जादवपूरची कथा अधिक उदास आहे. तेथे जाहीर भांडण झाले नाही; आकडे मात्र झिजत गेले. विद्यापीठाचा मूळ प्रस्ताव 3,299 कोटींचा होता. राज्य शासन आपला वाटा देण्यास राजी नसल्याने तो 1,015 कोटींवर आणि पुढे 606 कोटींवर आला. मग प्रस्ताव फारच आक्रसला म्हणून तज्ज्ञ समितीनेच हा दर्जा देऊ नये, अशी शिफारस केली. यात विद्यापीठाच्या संशोधनात कोणती उणीव निघाली? कोणतीही नाही. दरम्यान, 2022 मध्ये दैनंदिन गरजांसाठी माजी विद्यार्थ्यांपुढे हात पसरण्याची वेळ या विद्यापीठावर आली होती.

हा दर्जा मिळालेल्या सरकारी संस्था आठ: बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, मुंबई, दिल्ली, मद्रास व खरगपूर येथील आयआयटी, आणि बनारस, दिल्ली व हैदराबाद ही विद्यापीठे. आठही केंद्राच्या. नीती आयोगाच्या फेब्रुवारी 2025 मधील अहवालानुसार देशातील सुमारे 81 टक्के विद्यार्थी राज्यांच्या सार्वजनिक विद्यापीठांत शिकतात, आणि याच विद्यापीठांत अध्यापकांची 40 टक्क्यांहून अधिक पदे रिक्त आहेत.

रिक्त पद म्हणजे केवळ न भरलेला वर्ग नव्हे. केंद्राच्या विज्ञान खात्यांकडून एखादे महागडे उपकरण प्रयोगशाळेत येऊ शकते. ते चालवणारा अध्यापक आणि तंत्रज्ञ मात्र राज्याच्या वेतनयादीवर असावा लागतो. तो निवृत्त झाला आणि जागा भरली गेली नाही, तर उपकरण धूळ खाते आणि त्यावर विसंबलेल्या विद्यार्थ्याची पीएचडी रेंगाळते. कुलगुरूच नसेल तर भरतीची जाहिरातही अडते. पश्चिम बंगालमधील कुलगुरूंच्या नेमणुकांचा तिढा सोडवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला 2024 मध्ये माजी सरन्यायाधीश उदय लळित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, यावरून स्थिती किती बिकट आहे ते कळावे.

स्पर्धेने मिळणारा संशोधननिधी विद्यापीठाची गुणवत्ता पाहून थेट त्यालाच मिळाला पाहिजे. राज्याच्या वाट्याची अट त्याला जोडू नये. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा 'पेअर' कार्यक्रम मोठ्या संस्थांशी राज्य विद्यापीठांना जोडू पाहतो. दिशा बरी आहे, पण चाकाचा आस दुसऱ्याकडे आणि आरे तेवढे राज्य विद्यापीठांकडे, ही रचना कायमची ठरू नये. राज्यांनी केंद्राशी असलेली राजकीय लढाई अवश्य लढावी. मात्र विद्यापीठांतील मंजूर पदे भरायला कोणत्याही केंद्रीय योजनेची वाट पाहावी लागत नाही. ते काम राज्यांचेच आहे, आणि चेन्नई व कोलकाता या दोन्ही ठिकाणी ते आजच सुरू करता येण्यासारखे आहे.