दिवाणखान्यातील जकात नाका

सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेंडो या तीन कंपन्यांची व्हिडिओ खेळांची खास यंत्रे, म्हणजे ‘कन्सोल’, आता लवकरच कालबाह्य होणार, असे भाकीत पाश्चात्त्य उद्योगजगतात २०१२ पासून पुनःपुन्हा वर्तवले गेले आहे. दूरचित्रवाणी संचाला जोडायची एखादी स्वस्त डबी, किंवा इंटरनेटवरून थेट पडद्यावर येणारा खेळ, त्यांची जागा घेईल असे सांगण्यात आले. प्रत्येक वेळी हे भाकीत खोटे ठरले. त्याची मीमांसा बहुधा यंत्राच्या ताकदीपाशी येऊन थांबते. परंतु हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नाही. खेळ घडविणाऱ्याच्या श्रमांचे मोल कोण ठरवतो, आणि खेळणाऱ्याने दाम मोजून घेतलेली वस्तू खरोखर कोणाची, हे दोन प्रश्न त्यात गुंतलेले आहेत.

ताकदीचा युक्तिवाद किती अपुरा आहे हे एका उदाहरणावरून स्पष्ट होते. २०१५ मध्ये एनव्हिडिया कंपनीने ‘शील्ड’ नावाची दूरचित्रवाणीला जोडण्याची डबी बाजारात आणली. तिच्या पोटात ‘टेग्रा एक्स-१’ ही चिप होती. दोन वर्षांनी, मार्च २०१७ मध्ये, निन्टेंडोने आपले ‘स्विच’ हे यंत्र आणले, ते त्याच जातीच्या चिपवर. स्विचचे १५ कोटींहून अधिक नग खपले. शील्ड मात्र कन्सोलची प्रतिस्पर्धी कधीच झाली नाही. मेंदू एक, नशीब दोन! फरक होता तो यंत्रामागच्या व्यवस्थेत. निन्टेंडोपाशी केवळ आपल्या यंत्रासाठी खेळ घडविणारे स्वतःचे कारागीर होते आणि वर्षानुवर्षे वाट पाहण्याची तयारी होती. शील्डपाशी बव्हंशी दुसरीकडचे, मोबाईल फोनसाठी वा संगणकासाठी घडविलेले खेळ होते.

ही व्यवस्था मुळात उभी राहिली ती १९८० च्या दशकात. १९८३ मध्ये अमेरिकेतील व्हिडिओ खेळांचा बाजार निकृष्ट मालाच्या पुराने कोसळला. १९८५ मध्ये निन्टेंडो तेथे उतरली ती यंत्रात एक कुलूपवजा चिप बसवूनच. कंपनीची संमती नसलेला खेळ त्या यंत्रावर चालू नये, ही त्यामागची योजना होती. निकृष्ट माल रोखण्याचे कारण त्यासाठी पुढे करण्यात आले आणि ते अगदीच खोटे नव्हते. परंतु वेशीवर नाका उभा राहिला की नाकेदार केवळ मालाची तपासणी करून थांबत नाही. तो जकातही घेतो. आज खेळाच्या डिजिटल विक्रीतील सुमारे ३० टक्के वाटा यंत्राच्या मालकाकडे जातो, ही या धंद्यातील रूढ चाल आहे. एक्सबॉक्स यंत्राच्या विक्रीतून कंपनीला कधीच नफा झालेला नाही, अशी साक्ष मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्याने २०२१ मध्ये अमेरिकेतील न्यायालयात दिली. म्हणजे यंत्र तोट्यात विकायचे आणि तो तोटा नाक्यावर भरून काढायचा. अशा प्रतिस्पर्ध्यासमोर केवळ स्वस्त डबी घेऊन उभे राहणाऱ्याची गत काय होणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

हा नाका मोडण्याचे वचन देऊन जे यंत्र आले, त्याची कहाणी म्हणूनच अधिक बोधप्रद आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात ‘ऊया’ या यंत्रासाठी किकस्टार्टरवर ६३ हजारांहून अधिक लोकांनी मिळून सुमारे ८५ लाख डॉलर उभे केले. किंमत अवघी ९९ डॉलर. कोणालाही खेळ बनवता येईल, कोणाचीही परवानगी लागणार नाही, असा त्याचा पुकारा होता. लोकांनी भरभरून दिले ते त्या मोकळेपणाच्या आशेवर. यंत्र २०१३ मध्ये दुकानांत आले, पण त्यावर खेळावे असे खेळ थोडे आणि त्यांना मिळणारे गिऱ्हाईक त्याहून थोडे. २०१५ मध्ये त्याचा सॉफ्टवेअरचा कारभार रेझर या कंपनीने विकत घेतला. ज्या लहान निर्मात्यांना ऊयाने निधी देऊ केला होता त्यांची देणी आपल्यावर बंधनकारक नाहीत, अशी भूमिका नव्या मालकाने प्रथम घेतली आणि टीका झाल्यावर ती बदलली. जून २०१९ मध्ये सेवा कायमची बंद झाली. वर्गणी जनतेची होती, पण मालकी आणि निर्णय जनतेचे नव्हते. ऊयाच्या अपयशाचा अर्थ मोकळेपणाची कल्पनाच चुकीची असा लावणे अन्यायाचे होईल. संघटित मालकीवाचून मोकळेपणा टिकत नाही, एवढाच तो अर्थ आहे.

ज्यांच्यापाशी भांडवलाची वाण नव्हती, त्यांनी तरी काय साधले? ॲमेझॉनने २०१४ मध्ये ‘फायर टीव्ही’ आणला; खेळण्याचा कंट्रोलर मात्र वेगळे पैसे देऊन घ्यावा लागे. ॲपलने २०१५ मध्ये ‘ॲपल टीव्ही’वर खेळांचे दुकान उघडले आणि प्रत्येक खेळ साध्या रिमोटवर खेळता आलाच पाहिजे अशी अट घातली. ती अट पुढच्या वर्षी सैल झाली, पण तोवर गंभीर निर्मात्यांचा उत्साह ओसरला होता. गूगलने नोव्हेंबर २०१९ मध्ये १४ देशांत ‘स्टेडिया’ सुरू केली. यंत्र नकोच, खेळ दूरच्या संगणकावर चालेल आणि चित्र तेवढे घरी येईल, अशी ती योजना. फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीने स्वतःचे खेळनिर्मितीचे विभाग मोडीत काढले, आणि जानेवारी २०२३ मध्ये सेवाच गुंडाळली. खेळांचे आणि कंट्रोलरचे पैसे परत केले, हे मान्य केले पाहिजे. परंतु स्टेडियावर घेतलेले खेळ वस्तू म्हणून खेळणाऱ्याच्या हाती उरले नाहीत. या धनाढ्य कंपन्यांना खेळ हा आपल्या मोठ्या पेठेतील एक जोडदुकानाचा प्रकार वाटला. गिऱ्हाईक दिसेना, तसे दुकान बंद झाले.

तेव्हा नवी यंत्रे कन्सोलशी स्पर्धा करू शकतील काय, या प्रश्नाचे उत्तर असे की, तंत्राच्या दृष्टीने निश्चितच करू शकतील. पण त्यासाठी दीर्घकाळ तोटा सोसणारे भांडवल आणि स्वतःचे कारागीर लागतील. तेवढे ज्याच्यापाशी असेल तो जुना नाका उठवून स्वतःचाच नाका उभारील. नाकेदार बदलल्याने जकात रद्द होत नाही.

याचा अर्थ जुन्या तीन कंपन्यांची तळी उचलावी असा मुळीच नाही. जानेवारी २०१२ मध्ये चीनमधील वुहान येथे एक्सबॉक्स बनविणाऱ्या फॉक्सकॉनच्या कारखान्यातील कामगारांनी गच्चीवर चढून सामुदायिक आत्महत्येचा इशारा दिला होता. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये सुमारे ६९ अब्ज डॉलर मोजून ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही कंपनी घेतली आणि तीनच महिन्यांनी आपल्या खेळविभागातील १,९०० जणांना घरी पाठविले. मक्तेदारी वाढली की माणसे ‘जादा’ ठरतात, हा अनुभव गिरणगावाला परका नाही.

आशेची जागा आहे ती अन्यत्र. मे २०२२ मध्ये अमेरिकेतील रेव्हन सॉफ्टवेअरच्या खेळतपासनिसांनी मतदान करून आपली युनियन स्थापिली. खेळाची सेवा बंद करताना तो खेळण्याजोगा ठेवावा, या मागणीच्या निवेदनावर युरोपात २०२५ च्या जुलैपर्यंत दहा लाखांहून अधिक नागरिकांनी सह्या केल्या. कॅलिफोर्नियात २०२५ पासून, डिजिटल माल विकताना ग्राहकाला मालकी नव्हे तर केवळ परवाना मिळतो हे स्पष्ट सांगणे कायद्याने भाग पडले आहे. ही पावले लहान आहेत, पण योग्य दिशेची आहेत.

दिवाणखान्यात कोणती डबी राहावी याचा निकाल बाजार लावील तसा लावो. ती डबी घडविणाऱ्या हातांना न्याय आणि ती विकत घेणाऱ्याला खरी मालकी मिळवून देण्याचे काम मात्र बाजार करणार नाही. ते संघटनेला आणि कायद्यालाच करावे लागेल.