बटव्याची नाडी ओढतं कोण?

उसाचा हंगाम भरात आला की नगर जिल्ह्यात कारखान्यांच्या आसपास मळीचा आंबूस वास दरवळत असतो. गेल्या आठवड्यात अशाच एका डिस्टिलरीच्या प्रयोगशाळेत बसलो होतो. केमिस्टनी फर्मेंटरमधल्या वॉशचा थेंब काचेवर टाकला, त्यात मिथिलीन ब्ल्यू मिसळलं, वर कव्हरस्लिप टेकवली आणि म्हणाले, "बघा. निळ्या झाल्या त्या मेल्या, बिनरंगाच्या राहिल्या त्या जिवंत." त्यांना यीस्टची मोजणी करायची होती. माझी नजर मात्र एकाच पेशीवर खिळली. तिच्या अंगाला इवलीशी कळी फुटली होती आणि दोघींच्या मध्ये बारीक मान होती.

"ही मान आवळतं कोण?" मी विचारलं.

"वेळ झाली की तुटते आपोआप."

मलाही शाळेत हेच शिकवलं होतं. एका पेशीच्या दोन होतात; आकृती काढा, नावं द्या. त्या 'आपोआप'पाशी आपला जीवशास्त्राचा तास संपतो आणि खरं कुतूहल जिथे सुरू व्हायला हवं तिथेच वही मिटते. मला हे मनापासून खटकतं.

त्या मानेभोवती सेप्टिन नावाच्या प्रथिनांच्या तंतूंचं कडं असतं. 1970 च्या सुमारास अमेरिकेत लेलँड हार्टवेल यांनी यीस्टचे असे वाण शोधले की, ज्यांचं विभाजन उष्णता वाढवली की अडायचं. त्यातल्या काहींच्या कळ्या लांबच लांब वाढत, पण आईपासून सुटत नसत. 1976 मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने उलगडा केला: निरोगी यीस्टच्या मानेला सुमारे 10 नॅनोमीटर जाडीचे तंतू वेढलेले असतात, या बिघडलेल्या वाणांत ते नव्हतेच. सेप्टिनच्या या पायावर ॲक्टिन आणि मायोसिनचं दुसरं कडं उभं राहतं. आपले स्नायू ज्या प्रथिनांच्या जोरावर आखडतात, त्याच घराण्यातली ही प्रथिनं. ती एकमेकांवर सरकतात, कडं आक्रसतं आणि पेशीचं पटल आत ओढलं जातं. आजीच्या बटव्याची नाडी ओढली की तोंड मिटतं, तसं.

पण जिवाणूंकडे गेलं की ही उपमा अपुरी पडते. रात्री दुधाला विरजण लावतो तेव्हा सकाळपर्यंत त्यात असंख्य विभाजनं होऊन गेलेली असतात. जिवाणूत हे काम एफटीएसझेड नावाच्या प्रथिनाकडे आहे. विभाजनाच्या जागी त्याचं कडं तयार होतं, हे एर्फेई बी आणि जो लुटकेनहाउस यांनी 1991 मध्ये दाखवलं. हे कडं नाडीसारखं ओढतं का? 2008 मध्ये हॅरल्ड एरिक्सन यांच्या गटाने पटलाला चिकटेल असं बदललेलं एफटीएसझेड चरबीच्या पोकळ नळ्यांत भरलं, तर जिवाणूतली बाकीची यंत्रणा नसतानाही नळ्या जागोजागी आवळल्या गेल्या. म्हणजे जोर आहे. मग 2017 मध्ये आणखी एक गोष्ट दिसली. हे तंतू एका टोकाला वाढत, दुसऱ्या टोकाला झडत पेशीच्या कंबरेभोवती फिरत राहतात आणि भिंत बांधणाऱ्या एन्झाइमना सोबत फिरवतात. नाडी ओढणाऱ्या हातापेक्षा, गवंड्याला ओळंबा दाखवत फिरणाऱ्या मुकादमाशी याचं नातं जवळचं वाटतं. ओढ किती आणि बांधकाम किती, यावर अजून वाद चालू आहे.

या प्रथिनावरचं काही काम आपल्या अगदी शेजारी झालंय. पवईच्या आयआयटीत दुलाल पांडा यांच्या गटाने 2008 मध्ये हळदीतलं कर्क्युमिन एफटीएसझेडची जुळणी बिघडवतं, असं दाखवलं. (ही प्रयोगशाळेतली गोष्ट आहे. हळदीचं दूध पिऊन जंतूंचं विभाजन थांबेल असा अर्थ कोणी काढू नये. पोटातून कर्क्युमिन रक्तात फारच थोडं उतरतं.)

पुण्यात पाषाणला आयसरमध्ये थॉमस पुकाडिल डायनामिनवर काम करतात. हे प्रथिन पेशीच्या आत सुटू पाहणाऱ्या पुटकुळीच्या मानेभोवती मळसूत्रासारखं गुंडाळतं आणि जीटीपी नावाच्या रेणूची ऊर्जा वापरून ती मान कापतं. ते बिघडलं की काय होतं, हे माशीने दाखवून दिलं. 'शिबिरे' नावाची फळमाशी तिशीच्या आसपास तापमान गेलं की लुळी पडते, गारवा मिळाला की पुन्हा उठते. तिच्यातला दोष डायनामिनचा, हे 1991 मध्ये कळलं. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत के. एस. कृष्णन यांनी अशा माश्यांवर बरंच काम केलं. पुकाडिल यांच्या गटाने काचेवर चरबीचे तंतू पसरले, केसाच्या हजाराव्या हिश्श्याहून बारीक, चमकणाऱ्या रंगाचे. वर डायनामिन आणि जीटीपी सोडलं आणि डोळ्यांदेखत त्या नळ्यांचे तुकडे पडले. 2018 मध्ये त्यांनी दाखवलं की मायटोकाँड्रियाचे भाग पाडणारं डीआरपी-1 हे प्रथिनही एकट्याच्या बळावर असा काप घेऊ शकतं. शेवटचा घाव घालायला त्याला डायनामिनची मदत लागते, असं त्याआधी मांडलं गेलं होतं.

नगरहून पाषाण सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. एवढ्या अंतरावर हे चाललंय आणि आपली मुलं आकृतीला नावं देतायत. माझी मागणी साधी आहे. हंगाम संपायच्या आत प्रत्येक डिस्टिलरीने गावातल्या नववी-दहावीच्या मुलांना एक दिवस प्रयोगशाळेत बोलवावं. तेही जमत नसेल तर शाळेने गुळाच्या कोमट पाण्यात चिमूटभर यीस्ट टाकावं. कळी आणि मान शाळेच्या साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसते. तंतू दिसणार नाहीत, हे बाईंनी स्पष्ट सांगावं. मग मुलांनाच विचारावं: न दिसणारं ते कडं तिथे आहे, हे कळलं कसं असेल? आणि उत्तरासाठी पुढचा तास राखून ठेवावा.