आधी सुट्टी लिहा, मग ट्रेनिंग!

एप्रिल उजाडला की तमाम ऑफिसांमध्ये एकच कार्यक्रम सुरू होतो. गोल शीट भरा! वर्षभरात काय करणार, किती करणार, कधी करणार... आपण काय करतो? गेल्या वर्षीची फाइल उघडायची, तारखा बदलायच्या, टार्गेट दहा टक्क्यांनी वाढवायचं आणि सेंड. झालं प्लॅनिंग!

नेमक्या याच दिवसांत आपल्याच शहरातली तेरा-चौदा वर्षांची काही पोरं असलंच एक शीट भरत असतात, तेही आपल्यापेक्षा कितीतरी सीरियसली. तुम्ही अलार्म स्नूझ करत असता तेव्हा ही मंडळी रिंकवर कमरेत वाकून गरगर फिरत असतात. पायात इनलाइन स्केट्स, अंगात स्किनसूट, डोक्यावर हेल्मेट. बाजूला थर्मास घेऊन पेंगणारे आई नाहीतर बाबा. हे स्पीड स्केटर्स. कुणाची भाची, कुणाचा पुतण्या यांच्यात असेलच. तर त्यांच्या वर्षाचं प्लॅनिंग कसं असतं आणि कसं असायला हवं, हा या वेळचा विषय.

‘स्केटिंग म्हणजे समर कॅम्पवाला टाइमपास’ असं वाटत असेल तर जरा थांबा. २०२३ मध्ये हांगझोच्या एशियन गेम्समध्ये भारताच्या मुलांनी आणि मुलींनी, दोन्ही टीम्सनी, ३००० मीटर रिलेत ब्राँझ जिंकलं. चेन्नईचा आनंदकुमार वेलकुमार त्या मुलांच्या टीममध्ये होता. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये चीनमधल्या बेइदाइहे इथे त्यानं १००० मीटरमध्ये चक्क वर्ल्ड चॅम्पियनशिपचं गोल्ड मारलं. वेळ १ मिनिट २४.९२४ सेकंद. बॉस, सिनियर गटात हे करणारा तो पहिला भारतीय! आणि हाच मुलगा २०२१ मध्ये ज्युनियर गटात सिल्व्हर घेऊन आला होता. ज्युनियर सिल्व्हर ते सिनियर गोल्ड, मध्ये चार वर्षं. म्हणजे एका वर्षाचा प्लॅन ही जिन्याची फक्त एक पायरी. एका उडीत गच्चीवर जायचं नसतं.

कॅलेंडर उलटं वाचा

या प्लॅनिंगचा पहिला फंडा म्हणजे सुरुवात शेवटाकडून करायची. आधी जिल्हा, मग राज्य, मग नॅशनल्स अशी चढण असते आणि नॅशनल्स बहुतेक वेळा डिसेंबरात येतात. म्हणजे डिसेंबरवर गोल करायचा आणि तिथून मागे यायचं. प्रत्येक स्पर्धेला फुल फॉर्ममध्ये असणं कुणालाच जमत नाही. वर्षातल्या दोन, फार तर तीन स्पर्धा ‘मोठ्या’ ठरवायच्या. बाकीच्या प्रॅक्टिससाठी. तिथे हरलं तरी घरी तोंड पाडून बसायचं नाही, हे आई-बाबांनीही आधीच ठरवून टाकायचं.

अजून एक गोष्ट आधीच बघायची. मुलाचा वयोगट यंदा बदलतोय का? बदलत असेल तर ज्याला काल सगळे ‘दादा’ म्हणत होते तो आज ग्रुपमधला सगळ्यात छोटा होतो. अशा वर्षी मेडलचं टार्गेट लावणं म्हणजे जॉइन झालेल्या ट्रेनीला पहिल्याच महिन्यात रिजनल हेडचा कोटा देणं. तिथे टार्गेट एकच, स्वतःच्या टायमिंगमध्ये सुधारणा.

पाऊस नावाचा कोच

एप्रिल-मे सुट्टीचे महिने. यात वेगाच्या मागे लागायचं नाही. लांब अंतर, सावकाश स्केटिंग आणि टेक्निक. वळणावर पाय ओलांडून टाकायचा क्रॉसओव्हर, खाली बसलेली पोझिशन, ढकलताना पूर्ण सरळ होणारा पाय... या गोष्टी दमलेल्या शरीराला शिकता येत नाहीत.

मग येतो जून. ओल्या जमिनीवर चाकं सटकतात आणि उघडी रिंक बंद पडते. पालकांचा जीव वर-खाली, ‘प्रॅक्टिस बुडतेय!’ अहो, बुडत नाहीये. हा पाया भरायचा सीझन आहे. सायकल स्टँडवर लावून पेडल मारा, पोहा, घसरत्या पट्टीवर म्हणजे स्लाइड बोर्डवर घामाघूम व्हा, हॉलमध्ये आडव्या उड्या मारा. स्केटर कायम डावीकडेच वळतो, त्यामुळे दोन पायांवर, कमरेवर सारखा भार येत नाही. हा तोल भरून काढायलाही हेच महिने बेस्ट.

सप्टेंबरात रिंक सुकली की वेग वाढवायचा. तीन आठवडे चढता भार, चौथा आठवडा हलका, असं चक्र. दर महिन्या-दीड महिन्यानं ५०० आणि १००० मीटरचं टायमिंग घेऊन वहीत लिहायचं. सहामाही परीक्षेचा आठवडा प्लॅनमध्ये आधीच हलका ठेवायचा. परीक्षा दरवर्षी येते, तरी दरवर्षी सगळ्यांना धक्का बसतो! आणि मोठ्या स्पर्धेआधी साधारण दोन आठवडे अंतर निम्म्यावर आणायचं, वेग मात्र तसाच ठेवायचा. पाय ताजे होतात. नवे बूट मात्र या काळात अजिबात नकोत. पायाला फोड आले की वर्षभराच्या मेहनतीचं वाटोळं.

आणि आता मेन मुद्दा

या सगळ्यात एक रकाना बहुतेक शीटमध्ये कोराच असतो. सुट्टीचा.

स्वीडनचा निल्स व्हान डर पूल हे नाव लक्षात ठेवा. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये बर्फावरच्या स्पीड स्केटिंगमध्ये त्यानं ५००० आणि १०,००० मीटर, दोन्हीत गोल्ड घेतलं. १०,००० मीटरमध्ये तर १२ मिनिटं ३०.७४ सेकंदांचा वर्ल्ड रेकॉर्ड! आणि घरी गेल्यावर पठ्ठ्यानं आपला अख्खा ट्रेनिंग प्लॅन सगळ्यांना फुकट वाचायला देऊन टाकला. त्यात काय निघालं? पाच दिवस ट्रेनिंग, दोन दिवस सुट्टी. अगदी आपल्या आयटीवाल्यांसारखा फाइव्ह डे वीक! पाच दिवसांत तो जीव तोडून मेहनत करायचा, उन्हाळ्यात तर दिवसाला सहा-सात तास सायकल. पण उरलेले दोन दिवस मित्रांचे आणि सामान्य आयुष्याचे.

ते तास त्याच्यासारख्या कसलेल्या मोठ्या माणसासाठी. आपल्या चौदा वर्षांच्या पिंट्यानं कॉपी करायची ती फक्त सुट्टी. मुलांच्या बाबतीत तर डॉक्टर स्पष्टच सांगतात. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सचा सल्ला असा, की आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण आराम आणि आपल्या मुख्य खेळापासून वर्षात मिळून तीन महिने लांब, हवं तर एकेका महिन्याच्या तुकड्यांत. स्पोर्ट्स मेडिसिनवाल्यांचा आणखी एक सोपा ठोकताळा आहे. आठवड्यातले ट्रेनिंगचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत.

कारण या वयात हाडं भराभर वाढतात आणि स्नायू मागे राहतात. उंची एकदम वाढली की कालपर्यंत मस्त जमणारा क्रॉसओव्हर आज अडखळतो, गुडघ्याखाली दुखायला लागतं. अशा वेळी ‘नाटकं करू नकोस’ म्हणून अजून चार राउंड मारायला लावले की झालं. मुलगा एकतर डॉक्टरकडे जातो, नाहीतर हळूहळू त्याला रिंकचाच कंटाळा येतो. दहावी येते आणि स्केट्स माळ्यावर जातात. आपण म्हणतो, अभ्यासामुळे सुटलं. खरं तर ते आधीच सुटलेलं असतं, दहावी फक्त निमित्त.

आणि गंमत बघा. नॅशनल्स डिसेंबरात, बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे दहावीतल्या मुलासाठी सीझननंतरची विश्रांती आणि अभ्यासाचे महिने आपोआप जुळतात. पावसाळ्यातही एक महिना स्केट्स बॅगेतच राहिले तर बिघडत नाही. कॅलेंडरच मदत करतंय, फक्त ते आधी बघायला हवं.

फ्रिजवर चिकटवण्यासाठी

* सगळ्यात आधी सुट्टीचे आठवडे आणि परीक्षा लिहा. स्पर्धा नंतर.
* मोठ्या स्पर्धा दोन किंवा तीनच.
* आठवड्यात एक दिवस रिंकचं नावही काढायचं नाही. आई-बाबांनीसुद्धा!
* दर महिन्याला टायमिंगबरोबर उंचीही लिहा.
* महिन्यातून एकदा विचारा, ‘मजा येतेय ना?’ दोनदा ‘नाही’ आलं तर प्लॅन बदला, मूल नाही.

आणि तुमचं स्वतःचं गोल शीट? ते अजून ड्राफ्टमध्येच असेल तर त्यातही सुट्टीचा रकाना भरून घ्या. बॉसनं विचारलं तर सांगा, वर्ल्ड रेकॉर्डवाल्याचा फंडा आहे!